वीस दाते

शाळेच्या अलीकडे पोलिसांनी पाटी लावलीय,
येणाऱ्या गाडीचा वेग लाल आकड्यांत सांगणारी.
माझा काटा पंचविसावर. पाटी म्हणाली, अठ्ठावीस.
पाटीच चुकत असेल, म्हटलं.
माणूस आधी हेच म्हणतो.

पिकअप वडिलांची. एकोणऐंशी सालची.
दार दोनदा आपटावं लागतं,
आणि चाळिशीच्या पुढे काटा थरथरतो
थंडीत ओल्या अंगाने उभ्या कुत्र्यासारखा.

वेन्डेल स्टांगने बॉनेट न उघडताच सांगितलं,
थरथरणं हा एक आजार, खोटं बोलणं दुसरा.
दोघांना एकच औषध देऊ नकोस.

म्हणून आधी केबल.
मीटरच्या पाठीमागून सोडवली, आतली तार ओढून काढली,
वाळून खपली झालेलं ग्रीस पुसलं, नवं चोळलं.
थरथर गेली.
आता काटा ठाम उभा राहून खोटं बोलू लागला.

रविवारी हमरस्त्यावर मैलांच्या हिरव्या पाट्या मोजत निघालो,
शेजारी भाची सिग्ने, हातात स्टॉपवॉच.
दोन्ही बाजूंना कापलेला गहू, माणूस नाही.
काटा साठावर धरला.
साठाला मैल साठ सेकंदांत, एवढं तिलाही येतं.
"चोपन्न," ती म्हणाली.
वळून उलटा मैल घेतला. चोपन्न.
"मामा, तू साठने जातच नाहीयेस."

मग टायरवर खडूची रेघ,
एक फेरा, जमिनीवर टेप: नव्व्याण्णव इंच.
कारखान्यातून आली तेव्हा असणार एकोणनव्वद.
दर फेऱ्याला दहा इंच
कुणाच्या हिशेबात नाहीत.

गिअरबॉक्सच्या कुशीत एक बोल्ट,
कोपरापर्यंत लाल तेल,
आणि हातात आलं बोराएवढं प्लॅस्टिकचं चाक.
दाते वीस. हवे होते अठरा.
त्र्याऐंशीत बर्फासाठी मोठी टायरं बसवली,
हे चाक बदलायचं कुणाला सुचलं नाही.

इतकंच होतं.
पण गाडीखाली पाठीवर पडल्यापडल्या मला ती जानेवारी आठवली.
आई मध्ये, माझ्या खांद्यावर तिचं डोकं,
बिलिंग्जचं इस्पितळ नव्वद मैलांवर, रस्त्यावर काच झालेला बर्फ.
मी नऊ वर्षांचा. काट्याकडेच बघत होतो.
वडिलांनी पंचावन्न ओलांडलं नाही.
नंतर कितीतरी वर्षं, जेवताना, मध्येच, कुणी काही विचारलेलं नसताना म्हणायचे,
साठ धरायला हवे होते.

पंचावन्नाला नऊने भागून दहाने गुणलं.
तेलकट बोटाने चेसिसवर लिहिलं: एकसष्ट.

संध्याकाळी वृद्धाश्रमात फोन केला.
टायर, खडू, चोपन्न सेकंद, सगळं क्रमाने सांगितलं.
त्या रात्रीचं सांगितलं नाही.
पलीकडे टीव्ही चालू होता. मग कुणीतरी बंद केला.
"हवा तपासली होतीस आधी?"
"तपासली होती."
"चारही?"
"चारही."

बराच वेळ नुसता श्वास ऐकू येत राहिला.
गणित त्यांचं माझ्याहून पक्कं.

"म्हणजे त्र्याऐंशीपासून," ते म्हणाले.
"हो."

अठरा दात्यांचं चाक चौदा डॉलरला मिळालं.
आता पाटी आणि काटा एकच बोलतात.
ओडोमीटरला हात लावला नाही;
न मोजलेले मैल तसेच राहू दिले.

फोन ठेवता ठेवता म्हणाले होते,
"येशील तेव्हा ते जुनं चाक घेऊन ये.
दाते मी मोजतो."