तीन फूट अधांतरी

सस्कॅचेवानच्या या भागात जमीन इतकी सपाट
की शेजाऱ्याचा दिवा लागला
तर आपलीच खिडकी उजळली असं वाटतं.
इथले लोक हिवाळाभर शेडमध्ये हेलिकॉप्टर जोडतात.
खोक्यातून येतात नळ्या, पाती, रिव्हेटांच्या पुड्या,
चारशे पानांचं पुस्तक,
आणि शेवटी उरतो एक वायसर,
जो जास्तीचाच होता ना,
ही शंका जन्मभर.

मार्चमध्ये मला फोन येतो,
"लॉर्ना, जरा उचलून बघतेस?"
वीस वर्षं मी वणव्यांवर पाणी ओतलं,
म्हणून त्यांना वाटतं, माझे हात विमा उतरवलेले.

फ्रीझन बंधूंचं यंत्र दोन माणसांचं.
वेंडेल वेल्डिंग करतो, आर्नो हिशोब.
पट्टा तापला की वास येतो
शाळेतल्या खोडरबराचा.
जमीन सोडताना आधी उजवी स्किड,
मग थोडा विचार,
मग डावी.
पुढे वीसेक मैलांच्या वेगाला सगळं अंग थरथरतं,
दात दातांवर वाजतात,
आणि एकाएकी, खडी संपून डांबरी लागावी तशी
हवा स्वच्छ होते,
यंत्र न सांगता चढू लागतं.
भाऊ विचारतात, ही थरथर कशी घालवायची?
अरे, ती सगळ्यांनाच लागते,
तुमचं फक्त लपवत नाही.

हालिना मेलनिचुक रसायनशास्त्र शिकवायची.
तिने टर्बाईन बसवलं, भंगारातून आणून.
पात्यांच्या टोकांना लाल-निळी चिकटपट्टी लावून
अख्खा फेब्रुवारी ती मिलिमीटर जुळवत बसली.
काठोकाठ भरलेला कप मी शेजारच्या सीटवर ठेवला,
गावाला वळसा घालून आले,
थेंब सांडला नाही.
इंधन मात्र लग्नघरासारखं लागतं.
उतरल्यावर ती म्हणाली,
"तुला आवडलं नाही."
उत्तम आहे, मी म्हटलं.
"मी ते विचारलं नाही."
खरं सांगायचं तर त्या अर्ध्या तासात
ते माझ्याशी एक शब्दही बोललं नव्हतं.

आणि ओरेस्ट हनात्युकचं.
एकट्याचं, टू-स्ट्रोक, आवाज मोपेडचा.
दांडा हलवायचा नाही,
मनात आणायचं.
मनात दुसरंच काही आलं तर तेही ते करतं.
वाऱ्याची झुळूक आली की आधी ते जातं,
मागून मी.
पाती हलकी. वर असताना इंजिन गेलं
तर डावा हात खाली दाबायला
अर्ध्या श्वासाची सवड,
आणि तो अर्धा श्वासही घेऊ नये.
मी त्याला हे सांगितलं. त्याने मान डोलावली,
जणू हवामान ऐकतोय.

अकरा हिवाळे लागले त्याला ते जोडायला.
आता रोज संध्याकाळी, वारा पडला की,
गव्हाच्या धसकटांवर तो ते उचलतो
तीन फूट.
पात्यांनी खाली ढकललेल्या हवेच्या उशीवर
बसून राहतो दहा मिनिटं, बारा मिनिटं,
आणि उतरतो.
चौथा फूट त्याने कधी घेतला नाही.

मी वहीत तक्ता करते:
चढण, कंप, पायडलांचा जोर,
इंजिन बंद करून उतरताना कोण किती माफ करतं.
त्याच्या रकान्यात काय लिहू?
भीती वाटते का, मी विचारलं.
"नाही," तो म्हणाला, "जमिनीवरून धान्यकोठाराच्या अलीकडे
चढ आहे, थोडासाच, दिसायचाही नाही.
त्यामागचा रेल्वेरूळ
आमच्या खिडकीतून कधी दिसला नाही.
तीन फुटांवरून दिसतो."
गाडी जाते का त्यावरून?
"एकोणनव्वद साली बंद झाली."

कोणतं घेऊ, लोक मला विचारतात,
कोणतं चांगलं उडतं?
माझं स्वतःचं खोकं गॅरेजात आहे, सहा वर्षं.
त्यावर फ्रीझर, फ्रीझरवर बटाटे.
मी तक्ता पुढे करते.
ओरेस्टच्या रकान्यात
उंची लिहिली आहे,
बाकी कोरं.