पाया सिडकोचा

कोपरखैरण्यात, सेक्टर सातमध्ये,
सिडकोनं एकाच नकाशाची घरं बांधली होती.
आता एक घर दुसऱ्यासारखं नाही.
कुणी गॅलरी आत घेतली, कुणी वर दोन मजले चढवले,
सालियननी जिना बाहेरून काढला
आणि जिन्याखाली पिठाची गिरणी टाकली.
पाया मात्र तोच.
लिनक्स म्हणजे काय, असं हेमलताताईंनी विचारलं
तेव्हा मी त्यांना दुकानाबाहेर नेऊन
गल्ली दाखवली.
"बरं," त्या म्हणाल्या, "मग यातलं माझं कुठलं?"

त्यांचं झेरॉक्सचं दुकान. दोन हजार अकराचा डबा.
विंडोज रोज सकाळी परवाना मागायची,
नाक्यावरच्या हवालदारासारखी, ओळख असूनही.

मतं माझ्याकडे पुष्कळ आहेत. महापेच्या कंपनीत
वीस वर्षं सर्व्हर सांभाळताना साठलेली.
घरी कुणी ऐकत नाही.

उबुंटूची सीडी तेव्हा टपालानं फुकट यायची.
पाकिटावरचा शिक्का बघून पोस्टमननं
आईला विचारलं होतं, मुलगा कुठल्या देशात असतो?
(मुलगा आत झोपला होता.)
आता उबुंटू सगळं पेटाऱ्यात बांधून देतो.
कॅल्क्युलेटर उघडेपर्यंत
माझा तोंडी हिशेब होतो.

नोम मला आवडत नाही. पुन्हा सांगतो, नाही आवडत.
बिल्डरचा सॅम्पल फ्लॅट:
पांढरा, देखणा, आणि चप्पल काढायला जागा नाही.
केडीईत चप्पल कितीच्या कोनात ठेवायची
याचीही सेटिंग असते.
एका रविवारी दुपारी दोनपासून दिवेलागणीपर्यंत
मी नुसता घड्याळाचा टाइप बदलत बसलो होतो.
त्या रविवारबद्दल माझी काही तक्रार नाही.

भाचा अद्वय घणसोलीला असतो. आर्चवाला.
माउसला हात लावत नाही, काळ्यावर हिरवी अक्षरं,
पाहुण्याला पाण्याआधी स्क्रीन दाखवतो.
गेल्या महिन्यात अपडेटनंतर त्याचं वायफाय गेलं.
माझ्याकडे आला, माझ्या म्हाताऱ्या डेबियनवर
तासभर उपाय शोधत बसला.
मी काही बोललो नाही.
त्याच्या चहात साखर जरा जास्त घातली, एवढंच.

ताईंना मिंट दिलं, एक्सएफसीईचं.
लोखंडी कपाट. बघण्यासारखं काही नाही,
किल्ली फिरवली की उघडतं.
पण कुठलंही देण्याआधी मी एक गोष्ट करतो,
"किनाऱ्यावर" लिहून बघतो.
तो पापणीएवढा अर्धा र!
कितीक रूपवान डेस्कटॉप तिथं बुडालेत.
अक्षर फुटतं आणि ठिपक्यांचं एक वर्तुळ उरतं,
ताटाभोवती रांगोळी काढून ठेवावी
आणि जेवणारा येऊ नये, तसं.
बाकी सगळं मी माफ करतो.
मिंटवर नीट उमटलं. मग "दर्या" लिहिलं, खाली "दऱ्या".
दोघे वेगवेगळे. मी उगाचच खुर्चीत मागे टेकलो.

प्रिंटर तर काही न घालता चालला.
हे मी त्या दिवशी चार जणांना सांगितलं.
ताईंना त्यात विशेष काय ते कळेना.
प्रिंटर आहे, तर चालेलच ना?

पहिलं गिऱ्हाईक बोनकोड्याचं, प्रतिज्ञापत्रासाठी.
ताई एका बोटानं टाइप करत होत्या, मोठ्यानं वाचत:
चांगो हाशा म्हात्रे
आणि चांगदेव हाशाजी म्हात्रे
ही दोन्ही नावं
एकाच इसमाची असून...
इसम समोर उभा, मान डोलावत.

"सगळ्यात चांगलं कुठलं, ते राहिलंच सांगायचं,"
मी सुरुवात केली.
"वीस सुट्टे आहेत का तुमच्याकडे?" ताई म्हणाल्या.