दुसरी बाजू

रास्ता पेठ, शटर अर्धं ओढलेलं.
आम्ही चौघं पुन्हा त्याच वादावर:
खांबेटेची कुठली कॅसेट खरी?

पहिली, म्हणतो इलियास. गिटार उसनी होती,
म्हणून जपून वाजवलीय.
दुसरी, म्हणतात गद्रेसर. तिच्यात तो खोकतो
आणि खोकला कापत नाही.
तिसरीला सगळेच नावं ठेवतात: तबला घातला, वाट लागली.
मी रात्री तीच ऐकतो. सांगत नाही.

सुनेत्राताई चहा गाळता गाळता म्हणाल्या,
माझ्या दुसरीत चौथं गाणं अर्धंच आहे.
लेकीनं त्यावर तेराचा पाढा भरलाय.
तेर साती एक्याण्णव,
आठीला अडखळते,
आणि तिथून एकदम तो गातो.

माझी देऊ का? अख्खी आहे,
सर म्हणाले.

नको.
त्यात ती अडखळत नसेल.