बॅटरी उतरत आली की

तुर्कूत नोव्हेंबरात साडेतीनलाच अंधार पडतो.
स्वयंपाकघराच्या टेबलावर वर्तमानपत्र अंथरून
ताउनो दिवा ओढून घेतो नाकाजवळ,
आणि माझी भुवया कोरायची चिमटी,
मला न विचारता.

समोर बर्फफोडी बोट, साडेतीनशे पटींनी लहान.
राखाडी प्लास्टिकचे दोन अर्धे,
सोललेल्या शेंगेसारखे उताणे पडलेले.
डब्यावर नाव ‘हाल्ला’,
म्हणजे उभं पीक जाळणारं अवकाळी दहिवर.

हिच्याच पोलादाला त्याने गोदीत भोकं पाडली होती,
शहात्तरच्या हिवाळ्यात.
तेव्हाचं ड्रिल दोघांनी मिळून रेटायचं.
रात्री झोपेतही त्याचा खांदा थडथडायचा,
माझी पाठ त्याला टेकलेली असे;
वाटायचं, गादीखालून मालगाडी चालली आहे.

आताचं ड्रिल पेनाएवढं.
मेर्वीने दिलं, बापाच्या पंचाहत्तरीला.
फोनच्याच वायरीवर चार्ज होतं, शेपटीला हिरवा दिवा.
हाताने फिरवायचं गिरमिट होतंच आधी,
पण अंगठा आणि तर्जनी
आताशा एकमेकांचं ऐकत नाहीत.

पहिल्या दिवशी पूर्ण चार्ज करून बसला
आणि प्लास्टिक वितळलं.
भोक कसलं, फोडच आला.
टोकाला चिकट लोकर गुंडाळली गेली,
केसाएवढं पातं कट्कन मोडलं, उडालं,
आजवर सापडलेलं नाही.
(घरात मी मोजे काढत नाही.)
त्याने सैतानाचं नाव घेतलं,
जे तो फक्त यंत्रांपुढे घेतो.

मग एका मंगळवारी वायर लावायला विसरला.
हिरव्याचा लाल झाला.
डासाचा आवाज भुंग्यावर आला,
भुंग्याचा मांजराच्या घशात.
फेरा न् फेरा मोजता यावा, इतकं सावकाश.
आणि भोक पडलं.
गोल. खसखशीहून बारीक.
काठावर एकच कुरळी साल, लांबलचक.

तेव्हापासून आमच्याकडे चार्जिंगचं उलटं शास्त्र.
सकाळी कॉफी होईतो
मी ते ड्रिल नुसतं हवेत चालवत उभी राहते,
वांड पोराला अंगणात दमवून आणावं
आणि मग अभ्यासाला बसवावं, तसं.
शेजारीण खिडकीतून बघते. बघू दे.

आधी सुईने टोचायचं, नाहीतर पातं घसरतं.
पातं साबणावरून फिरवायचं.
दोन श्वास आत, मग बाहेर. फुंकर. पुन्हा.
मला आता सगळं येतं,
कुणी विचारलेलं नसताना.

डाव्या अंगाला कारखान्याने खिडक्यांच्या अकरा खुणा दिल्यात.
ताउनो म्हणतो, बारा होत्या.
मी म्हणते, नकाशात अकराच आहेत.
‘नकाशाने नव्हती पाडली भोकं, मी पाडली.’
एका कड्याची, बोल्टांची सगळी भोकं, चुकीच्या जागी.
मुकादम एन्सिओ तासभर ओरडला,
मग म्हणाला, आता बसवा तिथेही काच.
आत कुणाची खोली नव्हती,
दोरखंडांची कोठी होती.
चाळीस वर्षं दोरखंडांना समुद्र दिसला.

काल बारावं भोक अर्ध्यात असताना
बॅटरी पार मेली.
वायर लावू का, विचारलं.
नको म्हणाला. पातं काढून गिरमिटात बसवलं,
गिरमिट दोन्ही हातांनी धरलं,
आणि मान न वळवता म्हणाला, ‘तू फिरव.’

मी फिरवलं.
‘दाबू नकोस.’ मी दाबत नव्हते.
‘मागे ये.’ आले.
‘आता.’

दोघांनी एकदमच फुंकर मारली, तीही एकमेकांच्या तोंडावर.
भोकातून खालचं वर्तमानपत्र दिसलं,
एक अक्षरही पुरतं मावेना,
शाईचा नुसता काळा.