निघणं

सुक्रेत घरांना दरवर्षी पांढरा रंग देतात,
त्यामुळे मे महिन्यात कुंचल्यांना मागणी, आणि माझा तास
सारखा मोडतो.
कासिल्दा यांके शिकवते ती काउंटरच्या आतल्या बाजूला,
एका हातात खडू, दुसऱ्यात तराजूचं पारडं.

पहिला भूतकाळ तिनं खिळ्यावरून शिकवला.
ठोकला. झालं.
आता उपटलास तरी भोक राहतं, म्हणाली.
दुसऱ्यासाठी तिच्या दुकानात वस्तू नव्हती.
गिऱ्हाईक आलं.

डॉन प्रिमितिवो, वायरमन, टोपी काढून:
"केरीआ मेदियो किलो दे क्लावोस."
अर्धा किलो खिळे हवे होते.
हवे होते? मी वहीतून मान वर केली. मग आता नकोत?
माणूस तर समोर उभा,
खिशातली नाणी चाचपत.
हवेच आहेत गं, कासिल्दा हसली.
पण 'हवेत' म्हटलं की अंगावर आल्यासारखं होतं,
म्हणून मागणं थोडं मागे सरकवून ठेवायचं,
समोरच्याला नाही म्हणायला जागा राहील इतपत.

हे मला शिकवायची गरजच नव्हती.
वाण्याच्या दारात मी जन्मभर
"साखर हवी होती जरा" हेच म्हणत आले,
घरी आधण उकळत असताना.

"कीसे" मात्र वेगळं. हवं म्हणून हात घातला, असं.
आणि "नो कीसे" म्हणजे नकोच, दार ओढून घेतल्यासारखं.
तोच धातू, फक्त शेपूट बदललं की
इच्छेचा निर्णय होतो.
याला उदाहरण म्हणून तिनं
गल्ल्याखालून एक पत्र काढलं.

सेवेरिनो, भाऊ. सरहद्दीपलीकडे, कालामाच्या तांब्याच्या खाणीत.
दुकान त्याचं होतं, डब्यांवरची अक्षरं अजून त्याचीच.
अकरा वर्षांत हे एक पत्र. त्यात वारा, दाढदुखी, बुटांची किंमत,
आणि सहीच्या अगदी आधी:
केरीआ बोल्वेर.
परत यायचं होतं.

"आता सांग," ती म्हणाली, परीक्षेत विचारतात तसं.
यायचं होतं, ते राहून गेलं?
की काउंटरपलीकडे उभा आहे, टोपी हातात घेऊन,
मला नाही म्हणता येईल एवढी जागा सोडून
विचारतोय?

व्याकरणात दोन्ही बरोबर.
मी दोन्ही लिहिली. तिनं कशावरच खूण केली नाही.
तू काय उत्तर पाठवलंस?
"बेन." ये.
आज्ञार्थाला भूतकाळ नसतो, शोध हवं तर.
मग आला?
तेवढ्यात कुणी टर्पेंटाइन मागायला आलं.
हवं होतं, म्हणालं.

शनिवारी आम्ही वरच्या फळीवरचे डबे उतरवले.
एकावर सेवेरिनोच्या हातचं: स्क्रू.
तिनं झाकण उचकटलं, धुळीनं शिंकली,
आणि ओरडली, "बिसाग्रास आबीआन सीदो!"
बिजागऱ्या होत्या झालेल्या?
शब्दाला शब्द लावून काही लागेना.
पुस्तकात हा काळ भूतकाळाच्याही पाठीमागचा.
इथे डोंगरात तो आत्ताचा,
डोळ्यांना आत्ता कळलं, त्याचा.
आत तेच होतं पहिल्यापासून,
आम्ही वरचं नाव वाचत होतो.

तुमच्यात काय म्हणतात याला?
निघाल्या, मी म्हटलं. बिजागऱ्या निघाल्या.
आणि माणूस घर सोडून जातो तेव्हा?
मी जरा थांबले.
बाहेर भिंतीवर कुणी चुन्याचा पहिला हात मारत होतं.
निघाला. तेच.

तिनं शब्द दोनदा घोळवला, 'घ' काही जमेना,
मग डब्यावरचं 'स्क्रू' तसंच राहू देऊन
बिजागऱ्या मोजायला घेतल्या.