पान उलटणारी

माझं काम म्हणजे न दिसणं.
विलीबाल्डच्या डाव्या हाताशी, अर्ध्या बाकावर
बसून राहायचं. त्याची हनुवटी हलली की उठायचं,
वरचा कोपरा धरून पान उलटायचं
आणि पुन्हा नसल्यासारखं व्हायचं.
एकतीस वर्षं.
एकदाच दोन पानं चिकटून आली,
ते त्यानं अजून माफ केलेलं नाही.

संत बार्बराच्या सणाची आदली संध्याकाळ.
खाणीत उतरणाऱ्यांची ती राखणदार.
आमच्या खाणीला टाळं लागून नऊ वर्षं झाली,
तरी सण तो सणच.
दारावर कागद : ऑर्गनवादन. प्रवेश मोफत.
खाली पेनानं : भात्याच्या कातड्यासाठी यथाशक्ती.
बाकांवर साठेक माणसं, कोणी कोट काढलेला नाही;
फादर झिग्मुंट हीटर लावतात तो फक्त रविवारी.

माळ्यावर गायकवृंद.
सोप्रानो पाच, आल्टो मला धरून चार,
टेनर एक, तोही उसना, शेजारच्या गावचा प्रोटेस्टंट.
बास तिघे, तिघेही खाणीतले.
तिघांत मिळून दीड फुप्फुस, असं तेच सांगतात
आणि हसतात, आणि हसण्याचा खोकला होतो.
खोकला आला की विलीबाल्ड पायानं
सर्वांत जाड नळा घुमवतो.
हे आमचं ठरलेलं.

दुसऱ्या रचनेत, चौथ्या पानावर, 'फा' अडकला.
बोट उचललं तरी सूर जाईना.
बारीक, सरळ,
कोट घालूनही दारातच बोलत उभ्या पाहुण्यासारखा.
खाली लोकांना वाटलं, हे असंच लिहिलेलं असेल.
विलीबाल्ड वाजवत राहिला.
ओठ न हलवता म्हणाला,
ओतिलिया, आत जा.

ऑर्गनच्या पोटात जायला कमरेएवढं दार आहे.
मी छप्पन्न वर्षांची, सणाचा काळा स्कर्ट, दातांत टॉर्च.
बाहेर जे संगीत असतं
तो आत नुसता वारा असतो,
फटीफटीतून, घोट्यांना लागणारा.
आणि फळीवर पेन्सिलीनं नावं,
मोटर येण्याआधी पायांनी भाता तुडवणाऱ्या पोरांची :
आल्फोन्स, १९३४, बोटं गोठली.
एर्नेस्ट, आज तीन लग्नं.
रुफिन, १९४७, प्रवचन संपेना. भूक.

रुफिन माझा बाप.
त्यानं हे कधी सांगितलं नाही. भुकेचंही नाही.
आधी या पेटाऱ्याला वारा दिला,
मग सातशे मीटर खाली गेला,
आणि शेवटी खिडकीपाशी खुर्चीत
नळीतून एकेक घोट वारा उसना घ्यायचा.
सिलिंडरचा काटा मी वाचून दाखवायचे.
तो म्हणायचा, खोटं सांगू नकोस.
मी सांगायचे.

'फा' चालूच होता.
नळ्यांवरून हात फिरवत गेले,
जिथं तळव्याला थरथर लागली
ती उपसली. हातभर लांब, गार.
बाकीचं वाजत राहिलं,
मधे एक भोक ठेवून.

बाहेर आले, स्कर्टला तीस वर्षांची धूळ.
वही चौथ्या पानावरच होती.
विलीबाल्ड नवव्यावर पोचला होता,
डोळे मिटून.

मी बसले.
त्याची हनुवटी हलली.
मी उठून चौथं पान उलटलं.

शेवटी सगळे उभे राहून बार्बराचं स्तोत्र.
जिथं 'फा' यायचा तिथं ऑर्गन गप्प,
आणि तिथं पोल्दी, बासमधला, आधीच श्वास भरून तयार.
दोनदा जमलं.
तिसऱ्यांदा खोकला आला,
आणि जाड नळा घुमला.

ट्राममध्ये पिशवीत कांद्याच्या पातीबरोबर
नळीही होती, हे घरी गेल्यावर कळलं.
टेबलावर ठेवली. बघत बसले.
मग तोंडाला लावून फुंकली;
नुसती हवा गेली. पुन्हा फुंकली.

रात्री दहाला फोन.
विलीबाल्ड फोनवर नमस्कार वगैरे म्हणत नाही.
रविवारी, तो म्हणाला, 'फा' घेऊन ये.