हातचे दोन

फेब्रुवारी. वेलींच्या ओळींमधून मोहरी फुललीय,
वेली मात्र अजून नुसत्या काटक्या.
पासो रोब्लेसच्या पश्चिमेला, टेकडीच्या पोटातल्या तळघरात
ओडेट मार्सियाक पत्र्याच्या टेबलावर
चार बाटल्या मांडते.
मी वहीत आकडे लिहितो. माझं काम तेवढंच.

ग्रेनाश, सिरा, मूर्वेद्र.
एका घरात नांदायला आणलेल्या तीन जावा.
पहिली हसरी, चटकन लाल होणारी.
दुसरी काळीसावळी, मिरी चावल्यासारखं बोलते.
तिसरी उशिरा पिकते, उशिरा तोंड उघडते,
पण उघडलं की घर गप्प.
भांड्याला भांडं लागणारच;
त्या वाजण्यालाच इथे ब्लेंड म्हणतात.

ओडेटचा आजा ऱ्होन नदीच्या काठचा.
सांगायचा म्हणे, वाइनला उन्हाची चव आली
तर समज, आपण झोपा काढल्या.
चव दगडाची यायला हवी.
दगड इथेही आहे, पांढरा, चुनखडीचा,
पण ऊन! ऊन इथे पाहुणं नाही,
घरमालक आहे.
चाळीस वर्षं आजा त्याच्याशी भांडला.
ओडेट भांडत नाही. आठवडाभर आधी खुडते.

चौथ्या बाटलीवर नाव नाही.
वरच्या उताराची सिरा,
सप्टेंबरात धुरानंतर खुडलेली.
नाकाला काही कळत नाही: जांभळं फूल, शाई, ओलं लाकूड.
धूर थुंकीत उघडतो,
अर्ध्या मिनिटानं.
ही वाइन म्हणजे
जिच्या तोंडात तीळ भिजत नाही अशी बाई.

"गटारात जाईल ती," ओडेट म्हणते,
आणि तरीही युसेबियोला हाक मारते.

युसेबियो तालामांतेस, सव्वीस हिवाळे छाटणी करणारा.
त्या रात्री ट्रॅक्टरनं आगीपुढे जमीन उकरत होता,
भुवया अजून पुरत्या उगवलेल्या नाहीत.
टोपी काढतो. हात पँटला पुसतो.
थुंकायच्या बादलीकडे बघतसुद्धा नाही.

आधी तिघींचा पेला.
"काय लागतं?"
ग्राहक म्हणतात काळी चेरी, सीडर, जुनं चामडं.
तो म्हणतो, "ट्रॅक्टरची सीट.
सकाळची. दव पडलेली."
ओडेट हसते. मी लिहून घेतो.

मग चौथी.
तो घोट धरून ठेवतो.
जिभेला हाड नसतं म्हणतात,
याच्या जबड्यात मात्र मला काहीतरी हाडासारखं दिसलं.
दहा. वीस. तीस.
"एक्केचाळिसावी ओळ," तो म्हणतो,
"कुंपणापासून पलीकडे."
मी वहीची पानं उलटली.
एक्केचाळीस ते सेहेचाळीस.

त्यानंतर कोणीच बोललं नाही.
फ्रिजची घरघर तेवढी.

ओडेटनं मोजपात्र घेतलं.
पाच टक्के: तिघींना खोकला.
शून्य: देखणी,
आणि दारातून बाहेर पडताच विसरून जाल अशी.
दोन टक्के:
आधी ग्रेनाशचं हसू, मग मिरी, मग तो थंड दगड,
आजाला हवा होता तसाच अगदी,
आणि सगळं संपलं असं वाटताना
शेजारच्या खोलीत कोणीतरी
काडी विझवली.

तिनं पेला खाली ठेवला.
पुन्हा उचलला.
"हे फ्रेंच नाही," म्हणाली.
मग बऱ्याच वेळानं,
"आजोबांनी मारलं असतं मला."
आणि तिसऱ्यांदा घोट घेतला.

लेबलवर नावं तीनच येतील.
युसेबियो पेले विसळायला घेऊन गेला,
विसळण्याआधी दोन नंबरच्यात राहिलेलं
उभ्यानंच पिऊन टाकलं त्यानं,
पाठमोरा.

मी बेरीज मांडली.
एकोणपन्नास, एकतीस, अठरा, दोन.
नऊ आणि एक दहा, आठ अठरा, दोन वीस.
विसाचं शून्य,
हातचे दोन.